मला सायनस आहे

रात्री अडीच वाजता जागं राहायला सदाशिव पेठेत कारणं कमी नाहीत. कुणाचा पॉलिटीचा शेवटचा भाग राहिलेला असतो, कुणाचं गावाकडच्या मुलीशी भांडण चाललेलं असतं, कुणाला उद्या घरी निकाल सांगायचा असतो. मी जागा असायचो तो नाकामुळं. हे कारण इतकं फुटकळ आहे की सांगायलाही लाज वाटायची.

आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहायचो. एक परभणीचा, एक जुन्नरचा आणि मी सांगलीचा. आम्ही एकमेकांना गावांच्याच नावांनी हाक मारायचो. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या डक्टकडं उघडणारी. पावसाळ्यात कपडे खोलीतच दोरीवर वाळायचे, म्हणजे वाळायचे नाहीत. माझ्या कॉटशेजारच्या भिंतीला ओल होती आणि घरमालकांनी दिलेली कापसाची गादी माझ्याआधी किती जणांची परीक्षा बघून झाली होती कुणास ठाऊक.

दिवसा नाक बरं असायचं. आडवं झालं की पाचेक मिनिटांत एक बाजू बंद. कूस बदलली की थोड्या वेळानं आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं, वरची नाकपुडी सुटायची आणि खालची मिटायची. उताणं झोपलं की दोन्ही बंद. मग तोंडानं श्वास. तासाभरात जीभ टाळूला चिकटायची, घसा पत्र्यासारखा व्हायचा, पाणी प्यायला उठायचं, गिळताना कानात टक्‌ वाजायचं. पुन्हा आडवं, पुन्हा तेच. पहाटे चारला डोळा लागायचा आणि सहाला अभ्यासिकेत जागा धरायला पळायचं.

अभ्यासिकेची आणखी वेगळी पंचाईत. तिथं शांतता इतकी कडक की पान उलटलेलंही ऐकू येतं. अशा ठिकाणी दर दोन मिनिटांनी नाक ओढणारा माणूस म्हणजे सार्वजनिक शत्रू. एकदा चहा पिऊन आलो तर माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, ‘दादा, एकदा नीट शिंकरून या.’ अक्षर सुंदर होतं.

आपल्या भाषेत नाक म्हणजे मुख्यतः इज्जत. घराण्याचं नाक, नाक कापलं, नाक घासलं, नाक मुरडलं. श्वास घेणाऱ्या खऱ्या नाकाबद्दल आठवायला बसलो तर दोनच गोष्टी हाती लागल्या. एक, नाक दाबलं की तोंड उघडतं; त्याचा तर मी रोज रात्री अनुभव घेत होतो. आणि दुसरी, नाकाला सूत धरणं. माणूस शेवटच्या घटका मोजत असला की श्वास चालू आहे का हे बघायला नाकापाशी सूत धरतात, ते हलतं का पाहतात. ही दुसरी गोष्ट तेव्हा मी नुसती आठवली आणि सोडून दिली.

उपाय सगळ्यांकडं होते. आईनं फोनवरून वेखंड उगाळून कपाळाला आणि नाकावर लावायला सांगितलं. सहाण नाही म्हटल्यावर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला सांगितली. तवाही नव्हता. परभणी म्हणाला, वाफ घे, ती घेतली. वाफेनं वीस मिनिटं खरंच बरं वाटायचं. जुन्नरनं बामची डबी दिली. तो लावला की नाकात गार वारं शिरायचं आणि वाटायचं, सुटलं. झोप मात्र येत नव्हती ती नव्हतीच. पुढं कळलं की मेन्थॉल नाक उघडत नाही. नाकातल्या ज्या नसांना गारवा कळतो त्यांना तो डिवचतो आणि मेंदूला वाटतं, हवा चाललीय. मेन्थॉलनं जागा होणारा हा रिसेप्टर 2002 साली सापडला. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘तापमान व स्पर्शाचे रिसेप्टर’ अशी ओळ मी चालू घडामोडींच्या वहीत लिहून पाठही केली होती. ती ओळ रोज रात्री माझ्याच नाकाला चोळलेली असते हे काही लक्षात आलं नाही. पाठांतराचं हे असं असतं.

मग मेडिकलवाल्यानं ती छोटी बाटली दिली. दहा मिलीची. “दोन थेंब टाका, पाच मिनिटांत मोकळं.”

पाच मिनिटांत खरोखर मोकळं झालं. दोन्ही नाकपुड्या एकदम, तळापर्यंत. खोलीला वास आहे हे मला त्या रात्री कळलं. फिनेलचा, ओल्या टॉवेलचा, परभणीच्या केसांच्या तेलाचा. मी सात तास झोपलो. सकाळी उठून आईला फोन केला आणि सांगितलं की औषध सापडलं.

पहिल्या आठवड्यात थेंब रात्रभर पुरायचे. महिन्याभरानं पहाटे तीनला नाक पुन्हा बंद व्हायला लागलं, म्हणून तीनला परत दोन थेंब. मग दुपारी. मग अभ्यासिकेत जाऊन बसल्या बसल्या. एक बाटली उशीच्या अभ्र्यात, एक बॅगेत, एक अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये. बस चुकली तर चालेल पण बाटली विसरता कामा नये अशी गत. पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात मध्यावर नाक बंद झालं आणि उताऱ्यावरचे प्रश्न मी तोंड उघडं ठेवून सोडवले. नाकामुळं परीक्षा गेली असं म्हणणं फार सोयीचं आहे. खरं म्हणजे मला तेव्हा अर्थव्यवस्थाही येत नव्हती.

आणि मी घोरायला लागलो. मला ते माहीत नव्हतं. जुन्नरनं एका रात्री रेकॉर्ड करून आमच्या ग्रुपवर टाकलं, वर ‘सांगली एक्सप्रेस’ असं लिहून. सगळे हसले. मीही हसलो. मग मेसच्या जिन्यात उभं राहून कानाला लावून पुन्हा ऐकलं, आणि अंगावर काटा आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. बाई पन्नाशीच्या, बोलायला थेट.

“काय होतंय?”

“मला सायनस आहे.”

“सायनस सगळ्यांनाच असतात,” त्या म्हणाल्या. “काय होतंय ते सांगा.”

पुढची दहा मिनिटं त्या बोलल्या ते मी दोन वर्षांत वाचलेल्या कुठल्याही नोट्सपेक्षा नीट ध्यानात आहे. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या पोकळ्या, चार जोड्या. गालामागची सगळ्यात मोठी, पण तिचं नाकात उघडणारं तोंड तळाला नाही, वरच्या बाजूला. टाकीला तोटी वर बसवल्यासारखं. म्हणून तिथं एकदा साचलं की सहजी निघत नाही. पण माझा प्रश्न तिथला नव्हताच. माझ्या नाकातला पडदा थोडा डावीकडं कललेला होता (तो पुष्कळांचा असतो), धुळीची आणि ओलीची ॲलर्जी होती, आणि त्यावर कडी म्हणजे ती बाटली.

“किती दिवस टाकताय?”

“सात.”

“सात दिवस?”

“महिने.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. ते थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सूज उतरते. असर संपला की त्या पुन्हा फुगतात. काही दिवसांच्या वर वापरलं की मूळ सर्दी राहते बाजूला, नाक थेंबांसाठीच बंद व्हायला लागतं. म्हणजे मी रोज रात्री ज्या रोगावर औषध घेत होतो तो त्या औषधानंच केलेला होता.

एकदम सोडवेना तर एकेक नाकपुडी सोडा, असं त्यांनी सुचवलं. एका बाजूला थेंब चालू ठेवायचे, दुसरी तोडायची. सोबत स्टेरॉइडचा स्प्रे. त्याचा गुण दोन मिनिटांत येत नाही, दिवस लागतात. तो मारायची पद्धतही त्यांनी हात धरून शिकवली. डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, तोंड बाहेरच्या बाजूला करून, मधल्या पडद्यावर फवारा न मारता. आणि रात्री मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी डावी निवडली. पहिल्या चार रात्रींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डावी बाजू सिमेंट भरल्यासारखी आणि उशीच्या अभ्र्यात बाटली. दोनदा झाकण उघडलं. दुसऱ्यांदा परभणीनं कॉटवरूनच विचारलं, “कोणती?” मी म्हटलं, “डावी.” तो म्हणाला, “मग ठेव की खाली.” त्यानं बाटली घेतली आणि स्वतःच्या उशाखाली ठेवली. रोज रात्री उजव्या बाजूपुरते थेंब तो मोजून द्यायचा, रेशन दुकानदारासारखा. सहाव्या पहाटे डावी नाकपुडी शिट्टी वाजवत थोडीशी उघडली. मी हललो नाही. हललो तर जाईल अशी भीती वाटली. दहा-बारा दिवसांनी तीच बाजू जास्त चांगली चालायला लागली आणि थेंबांची बाजू रोज बंद पडायला लागली. तेव्हा उजवीही सोडली.

या सगळ्या काळात एक चूक मात्र उमगली. दोन्ही नाकपुड्या सताड उघड्या म्हणजेच नाक बरं, असं मी धरून चाललो होतो. तसं नाक निरोगी माणसालाही सहसा नसतं. एक बाजू थोडी फुगते, दुसरी उतरते, काही तासांनी अदलाबदल. 1895 साली रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं. आपल्याकडं स्वरशास्त्रवाले त्याच्या फार आधीपासून उजवा स्वर, डावा स्वर करत आलेत; काखेत योगदंड दाबून चालता स्वर बदलायची त्यांची युक्ती होती. म्हणजे माझं एका कुशीवरून दुसरीवर जाणं अगदीच अडाणी नव्हतं.

तर दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी सहज विचारलं, “घरी कुणी घोरतं का?”

“पप्पा.”

“घोरताना मध्येच श्वास थांबतो का?”

मी गप्प बसलो. माझे पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. सौद्यांच्या दिवसांत त्यांचा पांढरा रुमाल संध्याकाळी पिवळा होऊन यायचा आणि नाक शिंकरलं की तेही पिवळं. रात्री ते दोन उशा घेऊन भिंतीला टेकून झोपायचे. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यांचं घोरणं म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज होता. माझा मित्र मुक्कामाला आला की मला शरम वाटायची. आणि मध्येच ते घोरणं तुटायचं. एकदम शांत. मी अंथरुणात आकडे मोजायचो. एक, दोन, तीन. सतरापर्यंत गेल्याचं आठवतं. मग खर्रकन मोठा श्वास, आणि मी झोपायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. दिवसा ते वहीवर पेन ठेवून डुलक्या घ्यायचे. दुकानात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. घरी आम्हीही करायचो.

“दहा सेकंदांच्या वर थांबत असेल आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी करून घ्या,” डॉक्टर म्हणाल्या. “हे नुसतं नाकाचं नसतं. रक्तदाब, हृदय, सगळ्यावर ताण येतो.”

दिवाळीत घरी गेलो. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “मला काय झालंय? बाप जन्मापास्नं घोरतोय.” आई म्हणाली, “आता सवय झाली रे.” पहिल्या रात्री दोनला जाग आली. ते बसलेले होते, भिंतीला टेकून, जागे.

“चोंदलंय व्हय तुझं?” त्यांनी अंधारातच विचारलं.

“थोडं.”

“उजव्या कुशीला हो. डावं सुटतं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तीस वर्सं तेच करतोय की.”

त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी त्यांच्या उशाशी फोन ठेवला, रेकॉर्डिंग लावून. जुन्नरनं माझ्यासाठी जे चेष्टेत केलं तेच. सकाळी ते अंगणात चहा घेत बसले होते. मी शेजारी बसलो आणि त्यातली चार मिनिटं लावली. आधी ते हसले. “बाबौ, ह्यो मी?” आतून आईही हसली. आवाज चढत गेला, मग तुटला. फोनमधून फक्त पंख्याची घरघर, लांब कुठंतरी कुत्रं. पप्पांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ वाट पाहिली, मग फोनकडं वाकून बघितलं.

“बंद पडलं काय रं?”

“नाही,” मी म्हटलं. “चालू आहे.”

आई दारात येऊन उभी राहिली. स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते. आम्ही तिघंही त्यांचा पुढचा श्वास यायची वाट बघत बसलो.