दिवे घाटातला काटा

फलटणच्या एका धान्य-व्यापारी घरात एक जुनी डिझेल गाडी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तिची पुनर्नोंदणी झाली, पुढे पाच वर्षांनी पुन्हा झाली, आणि दोन्ही वेळेस धाकट्या चिरंजीवांनी नव्या गाडीचा विषय काढून पाहिला. घरचे कर्ते तात्या यांचे उत्तर ठरलेले असे : इंजिन चांगले आहे, माणूस चांगला आहे, मग घाई कसली? माणूस म्हणजे ड्रायव्हर. घरातील सारे त्यांना मामा म्हणतात. गाडी पेढीवर आली त्या दिवसापासून चाके त्यांच्याच हाती आहेत.

वैशाखातल्या एका दुपारी तात्यांच्या मातोश्रींना डोळ्यांच्या तपासणीनंतर पुण्याहून परत आणले जात होते. गाडीत सहा माणसे, मागे सामान, एसी चालू. हडपसर मागे पडले, दिवे घाटाची चढण लागली आणि निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. मामांनी एसी बंद केला, खिडक्या उघडून हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच असल्याने इंजिनची थोडी उष्णता तेवढ्यापुरती त्या वाटेने बाहेर पडते. पण पुढच्याच वळणावर बॉनेटखालून वाफ आली. गाडी कडेला घेऊन त्यांनी इंजिन बंद केले आणि झाकणाला कोणाला हात लावू दिला नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले की दाबाखालचे उकळते पाणी थेट चेहऱ्यावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाण्याचे भय. तासदीड तास थांबणे एवढेच हाती होते.

जेजुरीपाशी सूर्य मावळला. आजींचे सकाळी दहानंतर काही खाणे झालेले नव्हते. घरी पोहोचून दिवस असताना जेवायचे असे ठरले होते. घर आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आजी पाटावर बसल्या नाहीत, तक्रारही केली नाही. अंथरुणावर पडल्या आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर पाणी प्यायल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीचा हा उपवास तात्यांच्या मनाला लागून राहिला.

नंतरचा महिना दुरुस्तीत गेला. खरे तर अंदाजांत गेला. एका गॅरेजने वॉटर पंप बदलला. गाडी तशीच तापली. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आता पाणी मोकळे फिरेल’ असे सांगितले. हा सल्ला गावोगाव मिळतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हिवाळ्यात लवकर तापत नाही आणि डिझेल जास्त जाते. शिवाय काही इंजिनांच्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बाजूची आडवाट बंद करतो, तो नसल्यास ती उघडीच राहते आणि बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जाते. म्हणजे गारव्यासाठी केलेला उपाय उष्णताच वाढवतो. तिसऱ्याने हेड उतरवायला सांगितले. खर्च तीस हजारांच्या पुढे. चिरंजीव म्हणाले, ‘‘तात्या, तेवढ्यात नव्या गाडीची सुरुवातीची रक्कम निघेल.’’

तेव्हा तात्यांनी लोणंद रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही. त्यांनी विचारले, ‘‘तापते केव्हा?’’

या प्रश्नाचे नेमके उत्तर घरात कोणापाशी नव्हते. मिस्त्रींनी मामांना आठ दिवसांचे टिपण ठेवायला लावले : कोणता रस्ता, किती ओझे, एसी चालू की बंद, काटा कुठे, पाणी किती कमी झाले. ताळा जुळत नसेल तर आधी नोंदी पाहाव्या लागतात हे पेढीवरच्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तेच लोक भाग बदलत सुटतात.

मामांच्या वहीतून चित्र स्पष्ट झाले. मार्केट यार्डात गाडी अर्धा तास जागेवर चालू राहिली तरी काटा हलत नव्हता. सपाट रस्त्यावर एकटा माणूस असताना हलत नव्हता. भरलेली गाडी चढाला लागली की पंधरा-वीस मिनिटांत वर जाई, एसी असेल तर त्याआधी. उतार लागला की खाली येई. मिस्त्रींनी वही वाचून मान डोलावली. डिझेलच्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाके फिरवते. एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली बहुतेक पाण्याला वाहून न्यावी लागते. जागेवर उभ्या डिझेल इंजिनात तेलच फार थोडे जळते, म्हणून त्याला पाण्याची फारशी गरज भासत नाही. चढावर ओझ्यासह ती गरज अनेक पटींनी वाढते. पंखा किंवा त्याचे कपलिंग निकामी असते तर गाडी रहदारीत, कमी वेगात तापली असती. हेड गॅस्केट उडाले असते तर पहाटे गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाईप दगडासारखा घट्ट झाला असता, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले असते, धूर पांढरा झाला असता किंवा ऑइल दुधाळ दिसले असते. यांपैकी काही नव्हते. तरीही मिस्त्रींनी तपासणीचे निळे द्रव रेडिएटरच्या तोंडाशी धरून पाहिले. इंजिनातला धूर पाण्यात मिसळत असेल तर त्याचा रंग बदलतो. ते निळेच राहिले. तीस हजारांचा खर्च त्या चमचाभर द्रवाने वाचला.

बेल्ट ताठ होता. झाकणाचे रबर चिरलेले निघाले, ते बदलले. ही वस्तू स्वस्त असली तरी किरकोळ नव्हे : झाकणाने 0.9 बारचा दाब धरला तर साधे पाणीही 100 ऐवजी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल वा रबर चिरलेले असेल तर ते आधीच उकळून बाहेर पडते. थर्मोस्टॅट नवा आणला आणि बसवण्यापूर्वी दोरीला बांधून स्वयंपाकघरातल्या पातेल्यात तापवून पाहिला. त्यावर 82 हा आकडा कोरलेला होता, आणि थर्मामीटरने जवळपास तेवढा अंश दाखवला तेव्हाच तो उघडू लागला. नातवंडांना हा प्रकार फार आवडला.

मग गाडी तापवून मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजले. वरून खाली उष्णता क्रमाने उतरायला हवी. इथे मधले आणि खालचे पट्टे एकदम गार लागले. तिथून पाणी वाहतच नव्हते. रेडिएटर उतरवला तेव्हा एसीच्या कंडेन्सरमागे, जिथे वरून हात पोहोचत नाही, तिथे बारदानाचे तंतू आणि भुसा यांची गादीच साचलेली सापडली. धान्याच्या गोदामाशी वर्षानुवर्षे उभी राहणाऱ्या गाडीत दुसरे काय सापडणार? पण मुख्य दोष आत होता. वरची टाकी डाग काढून उघडली, तर निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या दगडी थराने बुजलेली होती.

आजी काठी टेकत अंगणात आल्या होत्या. त्यांनी बोटाने तो थर खरवडला आणि म्हणाल्या, ‘‘हा तर माझ्या पाणी उकळायच्या पातेल्यातला क्षार.’’

खरेच तोच होता. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापले की घट्ट होऊन भांड्याला धरतात. गाळण्याचे वस्त्र कितीही बारीक असले तरी विरघळलेले क्षार त्यात अडकत नाहीत.

चिरंजीवांचा संयम तिथे सुटला. ‘‘बोअरचे पाणी कोणी ओतले? कूलंटचे पैसे कुठे गेले मग?’’

मामा म्हणाले, ‘‘पाणी मीच ओतत होतो.’’ दुसरा शब्द त्यांनी काढला नाही. किल्ली खुंटीला अडकवली आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत.

तात्या तीन रात्री जुन्या वह्या चाळत बसले. वाहनखर्चाच्या खात्यात कूलंटची नोंद दरवर्षी दिसत होती. एका दुष्काळी वर्षी, जेव्हा पेढीची उधारी अडकली होती, ती थांबली. त्या वर्षीच्या वहीत मामांनी आणलेले कूलंटच्या कॅनचे दरपत्रक डकवलेले होते आणि त्यावर तिरप्या अक्षरात शेरा होता : ‘नको. पाणी चालते.’ अक्षर तात्यांचेच होते.

तात्यांनी चिरंजीवांना गाडी काढायला सांगितली. ही गाडी नव्हे, पेढीचा टेम्पो. मामांच्या ओसरीवर वही उघडून त्यांनी ते पान चिरंजीवांसमोर धरले आणि मामांना म्हणाले, ‘‘त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?’’

मामा म्हणाले, ‘‘शेठ, पोरासमोर काय बोलायचं.’’

चिरंजीव वाकले आणि मामांच्या पायांना हात लावला. मामा संकोचून मागे सरले. चहा आला. चिरंजीवांना घशाखाली उतरवणे जड गेले असावे, कारण कप बराच वेळ हातातच राहिला.

रेडिएटर पितळी असल्याने नळ्यांतून सळई फिरवून तो मोकळा करता आला. ॲल्युमिनियमचा असता तर बदलावाच लागला असता. इंजिनातले पाण्याचे मार्ग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले. मग निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध डिस्टिल्ड पाणी भरले आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले. या वेळी थोडे कूलंट सांडले, ते तात्यांनी स्वतः पुसून झाकणाच्या डब्यात भरले. कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल गोडसर असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. गोदामात तीन मांजरे आहेत.

आषाढात आजींची पुन्हा तपासणी होती. परतताना तीच सहा माणसे, तेवढेच सामान. एसी चिरंजीवांनी मुद्दाम चालू ठेवायला लावला. दिवे घाटात बोलणे आपोआप थांबले. सगळ्यांचे डोळे काट्याकडे होते, आजींचे सोडून. त्यांना तो दिसत नव्हता, म्हणून त्या दर वळणाला विचारत होत्या. ‘‘मधेच आहे, आजी,’’ मामा सांगत होते. सासवड आले, जेजुरी मागे पडली. ताट वाढले तेव्हा अंगणात अजून ऊन होते. मामांनी बॉनेट गार होण्याची वाट पाहिली, पाण्याची पातळी पाहिली आणि वहीत तारीख टाकून लिहिले : पाणी घातले नाही.