फलटणचं ऊन आणि अम्मीची वाकळ

साताऱ्याहून निघालेली एसटी वाठार स्टेशन मागे टाकून आदर्कीचा घाट उतरू लागली की हवा बदलते. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेल्या माणसाला तर हा फरक लगेच कळतो. ओठ कोरडे पडतात, पदराचा ओलसरपणा जातो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला हाच कोरडेपणा हवा होता. मांडीवरच्या गाठोड्यात अम्मीची वाकळ होती आणि तिला बुरशी लागली होती.

चूक माझीच. अम्मीच्या इंतकालानंतर दागिने आणि भांडी हिश्शाप्रमाणे वाटली गेली. वाकळीचं नाव कुणी काढलं नाही, म्हणून भावंडांना विचारून मी ती घेतली. नोकरी कोकणात. पावसाला घाबरून मी ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि पेटीच्या तळाशी ठेवली. कापडातला ओलावा आतच कोंडला. पावसाळा संपल्यावर उघडली, तर घडी होती तिथे काळे ठिपके आणि नाकात बसणारा कुबट वास. मी पेटीजवळच बसून रडले. चाळिशी ओलांडलेल्या बाईने वाकळीसाठी रडावं, याचं मुलीला नवल वाटलं.

फलटणला येणारे लोक मुधोजी मनमोहन राजवाडा आणि राममंदिर पाहून जातात. खालाचं घर आतल्या गल्लीत आहे. तिने गाठोडं सोडलं, वास घेतला आणि म्हणाली, "पालेभाजी कोंडून ठेवतेस का कधी अशी पिशवीत? मग ही का ठेवलीस?"

मग ती एकेक तुकडा बोटाने दाखवत गेली. वरचं इरकली लुगडं नानीचं. हिरवा पट्टा अम्मीच्या शादीनंतरच्या पहिल्या ईदच्या साडीचा. एका कोपऱ्यात नानांची लुंगी. शेवटच्या थंडीत नानांना फरशीचा गारठा सोसत नव्हता, म्हणून ही वाकळ दुहेरी करून तिच्यावर ते नमाज पढत. गुडघे टेकायची जागा अजून विरलेली दिसते. मी ही वाकळ लहानपणापासून पांघरली, पण ते विरलेलं कापड कशाचं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे वाकळ काठापासून शिवायला घेतात आणि धावदोऱ्याच्या ओळी आत आत नेत मध्यावर संपवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायाही आपली कवंदी अशीच काठापासून शिवतात. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडीचं फूल लावल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. अम्मीने फुलं लावली नव्हती, पण टाके दाट घातले होते. बुरशी मधोमध असली, तरी टाके सुटले नव्हते.

खाला आधी भेद सांगते. वाकळ म्हणजे कापडावर कापड, ती धुता येते. दुलई आणि गादीत कापूस असतो. ती भिजवली तर कापसाचे गोळे होतात, म्हणून खोळ उसवून कापूस पिंजून घ्यायचा. खांद्यावर कमान घेऊन, तारेचा टणत्कार करत गल्लीतून फिरणारे पिंजारी तिला आठवतात. आपल्याच समाजातले ते लोक. आता ते काम मशीनवर होतं.

पहिल्या दिवशी पाणी लावलंच नाही. तोंडाला ओढणी बांधून वाकळ गच्चीवर उन्हात पसरली, बुरशी वाळल्यावर मऊ ब्रशने झाडली. खालून उसवलेल्या जागी टाके घातले, कारण धुताना भोक आणखी वाढतं. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग दाबून पाहिला. इरकलीच्या काठाचा लाल रंग फडक्यावर आला. म्हणून पाणी गार घ्यायचं, वाकळ भिजत ठेवायची नाही, ओली असताना घडी घालायची नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बाजेवर पसरलं. भिजलेली वाकळ फार जड होते. एका टोकाने उचलली तर स्वतःच्या वजनानेच फाटते. बाजेवर असली की उचलावी लागत नाही आणि पाणी खाली गळून जातं. रात्री भिजवून उकळलेल्या रिठ्यांचं गाळलेलं पाणी तांब्याने ओतायचं, तळव्याने दाबायचं. धोपाटणं नाही, पिळणं नाही. मग साधं पाणी तीनदा, दर वेळी गळती थांबेपर्यंत वाट बघून. पिळता न येणारी वस्तू पाक करायची हनफी रीत हीच. या वाकळीवर आमच्या घरातली किती मुलं वाढली, तेव्हा ही रीत खालाला तोंडपाठ आहे.

पूर्वी हे काम बाणगंगेवर किंवा नीरा उजव्या कालव्यावर व्हायचं. शेजारणी घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला काढत. आपल्याकडे रमजानच्या आधी. पण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कधी ऐन पावसात येतो. अशा वर्षी अम्मी आणि खाला शेजारणींबरोबरच जात. चौघी मिळून एक वाकळ धरत.

वाळायला दोन दिवस लागले. रंग उडू नये म्हणून वर पातळ पांढरं कापड आणि दर तासाला उलटपालट. मगरिबच्या अजानीआधी आत, कारण नोव्हेंबरात दव पडतं. कुबट वास गेला. काळे ठिपके मात्र फिकट होऊन राहिले. मी ब्लीचचं नाव काढताच खाला रागावली. "डाग जातील, कापडही जाईल. राहू दे." तिचं बरोबर होतं. माझ्या निष्काळजीपणाची ती खूण आता नानांच्या गुडघ्यांच्या खुणेशेजारी राहणार.

निघताना तिने बजावलं, "मिरगाच्या आधी इकडे पाठवून दे, दिवाळीला घेऊन जा. बाकीचे महिने पांघरत जा, पेटीत ठेवू नकोस." खाला सत्तरीच्या पुढे आहे. मी नुसती मान हलवली. वाकळ जुन्या सुती चादरीत घालून मी घट्ट गाठ मारली. तिने ती सोडली आणि पुन्हा सैल बांधली.