लाल्या

लाल्या आमच्या घरी आला तो वडिलांच्या सायकलच्या पिशवीतून. वडील मिलमध्ये साच्यावर होते. त्यांच्याच पाळीत सोलापूरच्या सेटलमेंटमधले एक मामा होते. त्यांच्या नातलगांच्या वस्तीवर कारवानी कुत्री व्यालेली, त्यातलं हे एक पिल्लू. मामा वडिलांना म्हणाले होते, “घेऊन जा दादा. लई गुणाचं हाय.”

चार-सहा महिन्यांत त्याची शेलाटी उंची भरली. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला जाऊन भिडलेलं पोट, विटकरी रंग. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी त्याला मनापासून आवडायची. उन्हाळ्यात तो रांजणाखालच्या ओल्या मातीत दिवसभर पडून असे आणि संध्याकाळी मोकळ्या माळावर सोडला की वाऱ्यासारखा सुटे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत दारूकाम सुरू झालं की मात्र हा वाघ आईच्या पदराआड शिरायचा.

गल्लीने त्याचं नाव आमच्याआधी ठेवलं होतं: ‘पारध्याचं कुत्रं’. कारवानी कुत्रं नजरेने शिकार करतं आणि फारसं भुंकत नाही. गल्ली म्हणाली, “भुंकत नाही, म्हणजे चोरीला शिकवलेलं.” त्या जातीच्या फासळ्या चांगल्या खाण्यापिण्यातही दिसतात. गल्ली म्हणाली, “उपाशी ठेवतात, म्हणून चोरतं.” त्याने काहीही केलं तरी तो पुरावाच ठरायचा. खरं तर मामा कैकाडी समाजाचे होते, पारधी नव्हेत. त्यांचे वाडवडील टोपल्या विणणारे. पण हा फरक समजून घ्यावा असं कुणाला वाटलं नाही.

एका पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या दोन कोंबड्या गेल्या. कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी मान खाली घालून साखळी आणली आणि ती लाल्याच्या गळ्यात मी अडकवली. तो हूं की चूं न करता उभा राहिला, माझा हात चाटला. आठ दिवस तो खुंट्याला होता.

त्याच आठवड्यात पेठेतलं एक दुकान फुटलं. नंतर एका रात्री पोलिसांनी मामांना घरातून उचलून नेलं. तिसऱ्या दिवशी सोडलं. काही सापडलं नव्हतं, सापडणारही नव्हतं. चोरी झाली त्या रात्री ते वडिलांच्या शेजारच्या साच्यावर उभे होते. पाळीवर परतल्यावर ते एवढंच म्हणाले, “ल्हानपणापासनं सवय हाय, दादा.”

ती सवय कुठून आली हे मला वडिलांनी सांगितलं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून माणसांच्या जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्माला आलं की त्याने काही करण्याआधीच त्याच्यावर शिक्का. सोलापुरात अशा लोकांसाठी मोठी वसाहत होती, तीच सेटलमेंट, भोवती काटेरी तारेचं कुंपण. आतली माणसं शहरातल्या मिलमध्ये राबायची, पण बाहेर पडायला पास लागायचा आणि हजेरी चुकली तर शिक्षा. मामा लहानपणी आईचं बोट धरून त्या हजेरीला उभे राहिले होते. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मामांचं स्वातंत्र्य पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा आलं. तार निघाली, लोकांच्या नजरेतलं कुंपण तसंच राहिलं.

नवव्या दिवशी पहाटे तिसरी कोंबडी गेली. लाल्या खुंट्यालाच होता. काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मोरीतून मुंगूस आलं होतं. त्या तशाच आमच्या दारात आल्या. हातात गरम भाकरी होती, डोळ्यांत पाणी. “चुकलं रे बाबा माझं,” म्हणत त्यांनी साखळी सोडली. लाल्याने भाकरी खाल्ली आणि त्यांच्या पायाशी अंग टाकलं. त्याच्या मनात हिशेब नव्हताच.

लाल्या अकरा वर्षं जगला. त्याने कुणाची कोंबडी धरली नाही, कुणाला चावला नाही. तो गेला तेव्हा खड्डा मामांनी खणला.

त्याच्या सख्ख्या भावकीतल्या मुधोळ कुत्र्याचं चित्र २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलं, तेव्हा मला लाल्या फार आठवला. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना सांगणारं पत्रक काढलं; एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ती यादी वाचताना अंगावर काटा आला. कुत्र्याची जात आणि माणसाची जात, आपल्या भाषेत शब्द एकच आहे, आणि यादी करणाऱ्यांची रीतही एकच. चावरं कुत्रं असतं, चोर माणूस असतो. ते त्याच्या करणीवरून ओळखावं, जातीवरून नव्हे.

सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. तिथला पत्ता सांगणारं कुणी तुमच्या दारात काम मागायला आलं, तर आधी त्याचं नाव विचारा आणि त्याला काय येतं ते विचारा. लाल्याची माफी मागायला काकू आल्या होत्या. मामांची माफी मागायला कुणीही आलं नाही.