पाणी आधी पोलादपूरला कळते

महाबळेश्वरच्या डोंगरात पाऊस कोसळला की सावित्री आधी पोलादपूरला चढते, मग आमच्या महाडला. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला वाट उरत नाही, ते बाजारपेठेत शिरते. हे वस्तीतल्या आयाबायांना कोणी शिकवलेले नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. पुढच्या गाड्या अडवल्या त्या जवळच्या गॅरेजवाल्याने. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वीज गेली, मोबाइल मुके झाले. कोण कोणाला सांगणार?

म्हणून विहारात बैठक घेतली. मी पडलो कारकून, अर्ज लिहिणे माझ्याकडे. पुरुषमंडळी संरक्षक भिंत मागत होती. भिंत हवीच, पण ती होईपर्यंत पावसाळे थांबणार आहेत काय? एक आजी म्हणाल्या, "आधी भोंगा मागा. हातानं फिरवायचा, इजंवरचा नको." दुसरीने यादी मागितली: अंथरुणाला खिळलेले, बाळंतिणी, अपंग, कोणाला कोणी उचलायचे ते नावानिशी. पोलादपूरच्या सोयऱ्यांनी पाणी चढताच कळवायचे, फोन लागेना तर रस्ता चालू आहे तोवर माणूस धाडायचा. अर्जातली ही कलमे बायांची आहेत, माझे फक्त अक्षर.

कचेरीतून पोच मिळाली, उत्तर नाही. यादी आम्हीच केली, एकोणीस नावे झाली. भोंग्यासाठी घरटी वर्गणी चालू आहे.