घाट, गिअर आणि दादाची मियाटा

अमेरिकेला गेलं की लोक काय बघतात? गोल्डन गेट, युनिव्हर्सल स्टुडिओ, आऊटलेट मॉल. मी बघितलं ते एका 1996 सालच्या गाडीचं पोट! तेही 4,200 फुटांवर, एका वेधशाळेच्या पार्किंगमध्ये जमिनीला गाल टेकवून.

त्याचं झालं असं. 2023 च्या मे महिन्यात मी मामेभावाकडे सॅन होजेला गेले. मी पोचायच्या दोन आठवडे आधीच त्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर पुढची सोय लावायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. दादाचे चौदा संपले होते. सोफा, टीव्ही, टेबल... विकायच्या वस्तूंची यादी फ्रिजवर चिकटवलेली. सगळ्यात खाली, पेनाने नाही, पेन्सिलने लिहिलेलं : गाडी.

मियाटा म्हणजे माझदाची टू-सीटर स्पोर्ट्स कार. 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली आणि जुन्या ब्रिटिश ओपन गाड्यांची मजा जपानी भरवशासकट मिळायला लागली. दादाकडची 1.8 लिटरची, पाच गिअरची. बटण दाबलं की बेडकासारखे डोळे वर काढणारे हेडलाइट्स. मीटरवर 1,87,000 मैल. म्हणजे झाले की तीन लाख किलोमीटर!

प्रॉब्लेम एवढाच, की महिनाभर गिअर टाकताना कर्रर्र व्हायचं. आणि रविवारी सकाळी एक कॉलेजचा पोरगा गाडी बघायला येणार होता.

"क्लच गेला असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल," दादा म्हणाला. "गिअरबॉक्सच गेला असेल तर गाडीच्या किमतीपेक्षा बिल मोठं."

"आणि दोन्ही नसेल तर?"

"तेच बघायला जायचंय. बस."

शनिवारी सकाळी टेस्ट नंबर एक, घरासमोरच. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. उलट, दाबल्यावरच आवाज, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आम्ही दोघं कान लावून बसलो. दोन्हीकडे शांतता. निघालो. पहिली दहा मिनिटं पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना खर्र... मग इंजिन तापलं आणि ते थांबलं. दादाने नुसतं "हं" केलं.

माउंट हॅमिल्टनचा रस्ता शहराच्या पूर्वेला आहे. हा रस्ता 1876 मध्ये तयार झाला तो गाड्यांसाठी नव्हेच. वर वेधशाळा बांधायची, त्याचं सामान घोडागाड्यांनी न्यायचं. घोड्यांना झेपावं म्हणून चढ सौम्य ठेवला आणि वळणं मात्र शेकड्यांनी! रस्ता चढतो, दरीत उतरतो, परत चढतो, परत उतरतो आणि मग शेवटची चढण. वाटेत पेट्रोल पंप नाही. मोबाईलची रेंज जाते-येते. अशा रस्त्यावर आजारी गाडी? तुम्ही म्हणाल, वेड लागलंय का! पण दादाचं म्हणणं, क्लच खोटं बोलत असेल तर चढावर पकडला जातो.

एका सरळ पट्ट्यावर मागे कुणी नाही हे बघून टेस्ट नंबर दोन. चौथा गिअर, कमी स्पीड, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. आरपीएमचा काटा उडाला आणि गाडी मात्र होती त्याच स्पीडला, तर क्लच प्लेट घसरतेय. मी काट्याकडे बघत होते, आणि नाक आपोआप वास शोधत होतं. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बाबांच्या पद्मिनीला यायचा ना, तो करपलेला वास! इथे काहीच नाही. काटा आणि गाडी, दोघंही सावकाश, बरोबरीने चढले.

"प्लेट ठीक आहे," दादा म्हणाला. दिवसभरातलं त्याचं पहिलं हसू.

वर लिक ऑब्झर्व्हेटरी. पियानो बनवणाऱ्या आणि जमिनींच्या व्यवहारात गबर झालेल्या जेम्स लिक यांच्या पैशातून उभी राहिलेली. इथली 36 इंची दुर्बीण 1888 मध्ये सुरू झाली, तेव्हा भिंगांच्या दुर्बिणींत जगात सगळ्यात मोठी. लिक यांना त्याच दुर्बिणीखाली पुरलंय! खाली अख्खं सॅन होजे पसरलेलं. त्यातल्या एका बिल्डिंगकडे दादा जरा जास्त वेळ बघत राहिला. मी विचारलं नाही.

पार्किंगमध्ये टेस्ट नंबर तीन. पेडल पूर्ण दाबलं, रिव्हर्स टाकला : कर्रर्र! पेडल चार वेळा पंप केलं, परत टाकला : गुपचूप गेला. इंजिन बंद करून टाकला : लोण्यासारखा. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता, आणि पंप केल्यावर सुटत होता. दोष प्लेटचा नाही, तर पायाचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलचा. बॉनेट उघडलं. क्लच ऑइलचा डबा जवळजवळ रिकामा, उरलेलं काळंकुट्ट. मग मी जमिनीला गाल टेकवला, मोबाईलचा टॉर्च मारला. गिअरबॉक्सच्या बाजूला छोटा स्लेव्ह सिलिंडर, त्याचं रबर ओलं चिंब. चोर सापडला! हा सिलिंडर बाहेरच असतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. ब्रेकचं ऑइल वेगळ्या डब्यात, ते भरलेलं. डिकीतल्या बाटलीतून क्लचचं टॉप-अप करून आम्ही सावकाश उतरलो.

संध्याकाळी नवा सिलिंडर बसला. त्यानंतर लाइनमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. दादा गाडीखाली, मी पेडलवर. "दाब... धर... सोड." पन्नासेक वेळा. पाय भरून आला, पण कर्रर्र गेलं.

उरला दुसऱ्या गिअरचा खर्र. तो झिजलेल्या सिंक्रोनायझरचा, गाडी गार असतानाच येणारा. मी माझ्या मते भारी आयडिया काढली. "उद्या तो यायच्या आधी एक राउंड मारून आण. गरम गाडीत कळणार पण नाही त्याला."

दादा हात पुसत म्हणाला, "माझी नोकरी गेली ना, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सगळे म्हणत होते, ऑल इज वेल." आणि गाडीवर कव्हर टाकून आत गेला.

रविवारी त्या पोराने गार गाडी चालवली. खर्र ऐकलं. दादाने सिलिंडरपासून सिंक्रोपर्यंत सगळं सांगितलं. पोराने किंमत बरीच कमी केली, दादाने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "पहिली दहा मिनिटं दुसऱ्याला घाई करू नकोस."

दादा आता पुण्यात आहे. बाणेर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक चालवतो. परवा सिग्नलला बघितलं, त्याचा डावा पाय हळूच पुढे गेला. नसलेलं पेडल दाबायला.