बटणे तीन, पण आमच्या मताची किंमत किती?

२ डिसेंबर २०२५ रोजी हिंगोली नगरपालिकेसाठी मतदान झाले. त्याआधीची निवडणूक २०१६ च्या अखेरची. ७४ वी घटनादुरुस्ती स्पष्ट सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. प्रत्यक्षात मधली चारेक वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण नगरसेवकच नसेल तर तुंबलेली नाली घेऊन आमच्या आयाबायांनी कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न मुंबईत कोणालाच पडला नाही. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा सरकार हलले.

आता निवडणूक झाली म्हणून लोकशाही आली, असे समजायचे का? आम्ही तसे समजत नाही. निवडणूक कोणत्या पद्धतीने होते, यावर कोणाचे मत चालते आणि कोणाचे वाया जाते हे ठरते.

आमच्या जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या नगरपालिका, तर औंढा नागनाथ आणि सेनगाव या नगरपंचायती. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकातून एक सदस्य. नगरपालिकेत मात्र एका प्रभागातून साधारण दोन सदस्य, जागा 'अ' आणि जागा 'ब'. त्याशिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे मतदाराने तीन बटणे दाबायची. थेट नगराध्यक्ष २००१ मध्ये आला, २००६ मध्ये गेला, २०१६ मध्ये परत आला, २०२० मध्ये पुन्हा गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. प्रभागही कधी एकसदस्यीय, कधी बहुसदस्यीय. जो सत्तेवर येतो तो आपल्या सोयीचे गणित मांडतो. या खेळात वस्तीला कोणी विचारले?

आता हे गणित आपणच करून पाहू. समजा, एका वस्तीत १,४०० मतदार आहेत आणि एकसदस्यीय प्रभाग २,००० मतदारांचा आहे. वस्ती एकजुटीने उभी राहिली तर तिचा माणूस निवडून येतो, कोणाच्या पाया पडावे लागत नाही. तीच वस्ती शेजारच्या २,००० मतदारांशी जोडून ४,००० चा दोन सदस्यांचा प्रभाग केला की काय होते? 'अ' जागेवर १,४०० विरुद्ध २,६००. 'ब' जागेवरही १,४०० विरुद्ध २,६००. एका जागेचे बहुमत होते, ते दोन्ही जागांवर अल्पमत झाले!

कोणी म्हणेल, 'अ' जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे ना? आहे. पण ती भरणार कोण? २,६०० मतदार. उमेदवार आमच्यातला आणि निवड त्यांची. पक्षाला विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूसच त्या जागेवर चालतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने जे दुखणे दिले ते हेच. मान्यवर कांशीरामांनी बरोबर पन्नास वर्षांनी त्यावर 'चमचा युग' लिहिले. दलित वस्तीचा निधी भलत्याच गल्लीत खर्च होताना राखीव जागेवरचा सदस्य गप्प का बसतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधू नका, त्याला निवडून देणाऱ्या मतांत शोधा.

बाबासाहेबांना मतदान पद्धतीचे महत्त्व नेमके ठाऊक होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात बहुसदस्यीय मतदारसंघ होते, पण मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. बाबासाहेब भायखळा-परळमधून निवडून आले. १९५२ मध्ये उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचाच मतदारसंघ होता, पण ती मुभा गेली होती. तिथे संविधानाचा शिल्पकार पडला! ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली आणि प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेले. संसदेच्या निवडणुकीतले असे दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. मग जे दिल्लीसाठी टाकून दिले ते हिंगोलीसाठी का?

एकसदस्यीय प्रभागाने सगळेच सुटते असेही नाही. वस्ती गावभर विखुरलेली असेल तर ती प्रत्येक प्रभागात थोडी थोडीच राहते. शिवाय नकाशावर रेघ मारणाऱ्याने वस्तीच्या मधून रेघ मारली की छोटा प्रभागही निरुपयोगी. अनुसूचित जातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन करू नये, अशी सूचना प्रभाग रचनेच्या निकषांत असते. तरीही आम्ही एका गावात प्रारूप नकाशा घेऊन फिरलो तेव्हा नाल्याच्या अलीकडचा बौद्धवाडा एका प्रभागात आणि पलीकडचा दुसऱ्यात निघाला. अलीकडे सासर, पलीकडे माहेर आणि मते दोन ठिकाणी! हरकतीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. हा नकाशा आहे, हेच वस्तीत कोणाला माहीत नव्हते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. नगरपालिकेत एकसदस्यीय प्रभाग करा. बहुसदस्यीयच ठेवायचे असतील तर १९३७ सारखी मुभा द्या. वरच्याच उदाहरणात १,४०० मतदारांनी दोन्ही मते एकालाच दिली तर त्याची २,८०० होतात. उरलेल्यांची ५,२०० मते दोघांत वाटली की प्रत्येकी २,६००. वस्तीचा माणूस स्वतःच्या बळावर निवडून येतो, आणि बाकीच्यांचाही एक येतोच. यात कोणावर अन्याय आहे, ते आम्हाला दाखवून द्यावे.

आणि मागणी मान्य होईपर्यंत? सोडतीच्या दिवशी शाळेतल्या लेकराने कोणती चिठ्ठी काढली, हे पाहायला सभागृह भरते. पण खरा निकाल त्याआधी नकाशावर लागलेला असतो. पुढच्या वेळी प्रारूप रचना लागेल तेव्हा प्रत्येक विहारात तो नकाशा भिंतीवर लावा. घराघरांची मोजणी करा. रेघ वस्तीतून गेली असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या, सुनावणीला पन्नास माणसे घेऊन जा आणि हरकतीची पोच जपून ठेवा. मत मागायला येणारे शेवटच्या आठ दिवसांत येतात. आपण वर्षभर आधी जागे राहिलो तरच त्यांना आपल्या दारात थांबावे लागेल.

जयभीम!