खुळखुळा वाजला नाही तर?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सग्वारो राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. चाळीस-चाळीस फूट उंचीचे, हात वर करून उभे असल्यासारखे दिसणारे निवडुंग पाहायला पर्यटक येथे येतात. उन्हाळ्यात दिवसभराचे भाजून काढणारे ऊन उतरले की पाय मोकळे करावेसे वाटतात. नेमक्या त्याच वेळी रॅटलस्नेकही बाहेर पडतो!

त्याच्या शेपटीच्या टोकाला आपल्या नखांसारख्याच पदार्थाच्या पोकळ कड्या एकात एक अडकलेल्या असतात. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. कात वर्षातून अनेकदा पडते, तेव्हा कड्या मोजून सापाचे वय सांगणे ही निव्वळ थाप! डिवचला गेला की तो शेपूट थरथरवतो. आपल्या कोकणातले फुरसेही खवले घासून असाच इशारा देते. आवाज ऐकताच थांबावे, साप कुठे आहे ते पाहावे आणि हळूच मागे सरावे.

पण या खुळखुळ्यावर विसंबून चालत नाही. पुष्कळदा साप गप्पच पडून राहतो; मातीत मिसळून गेलेले त्याचे अंग दोन हातांवरूनही दिसत नाही. म्हणून कपारीत न पाहता हात घालू नये, अंधारात बॅटरीशिवाय चालू नये.

अमेरिकेत दरवर्षी 7,000 ते 8,000 लोकांना विषारी साप चावतात. दगावतात सुमारे पाच. चिरा न देता, आवळपट्टी न बांधता तडक रुग्णालय गाठले की प्रतिविष मिळते. साप मारण्याच्या किंवा उचलण्याच्या नादात दंश झालेलेही त्यांत असतात. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते.